कॉलेजचं ऑनलाइन लेक्चर नको, पण ॲप हवं: मेडिकलची मुलं नक्की काय स्वीकारतात?

पळसफूल

नमस्कार मंडळी. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात अठरा वर्षं फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) शिकवते. बरेच दिवस एक गोष्ट मनात घोळतेय, ती इथे मांडते.

गेल्या महिन्यात रात्री नऊच्या सुमारास वाचनालयात एक चक्कर मारली. चाळीसएक मुलं बसली होती. सगळ्यांच्या कानात इअरफोन, समोर टॅब नाहीतर फोन, बाजूला परीक्षेच्या तयारीच्या विकतच्या ॲपच्या छापील नोट्स आणि चार रंगांची पेनं. माझ्याच विषयाचं एक प्रकरण एक मुलगी दुप्पट वेगाने ऐकत होती आणि मध्येमध्ये थांबवून लिहून घेत होती. शिकवणारे सर दिल्लीकडचे होते आणि हिंदी-इंग्रजी मिसळून छान शिकवत होते.

आता दुसरी बाजू. आमच्या कॉलेजनेही ऑनलाइन अभ्यासाचं व्यासपीठ सुरू केलंय, फुकट. त्यावर मी दोन वर्षं जीव ओतून व्हिडिओ टाकलेत. कुणी किती मिनिटं पाहिलं ते मला दिसतं. दीडशेच्या बॅचमध्ये ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टीमचा (हृदय, डोळ्यांच्या बाहुल्या, स्राव आपोआप चालवणाऱ्या मज्जासंस्थेचा) माझा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणारे नऊ जण. त्याच बॅचला वर्गात विचारलं, विकतचं ॲप किती जणांकडे आहे? जवळपास सगळे हात वर.

‘आजकालच्या पोरांना ऑनलाइनच आवडतं’ हे स्टाफरूममधलं वाक्य मला पटत नाही. २०२० साली टाळेबंदीत आम्ही ऑनलाइन लेक्चर्स घ्यायचो. काळे चौकोन, बंद माइक, आणि प्रश्न विचारला की शांतता. तीच मुलं रात्री स्वतःच्या पैशाने घेतलेलं ॲप उघडून बसायची. म्हणजे माध्यम एकच होतं, एक नाकारलं आणि एक स्वीकारलं. फरक नेमका कशाने पडतो? इथे विद्यार्थी, डॉक्टर, पालक सगळेच आहेत. मोकळेपणाने लिहा, मला वाईट वाटणार नाही.

रात्रपाळी

मॅडम, मी फायनल इयरला आहे (तुमच्या कॉलेजात नाही). खरं सांगू का? तुमच्या व्हिडिओखाली प्रश्न नसतील. आमच्याकडेही नाहीत.

आमच्या डोळ्यासमोर नीट-पीजी, म्हणजे एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा असते. २०० प्रश्न, साडेतीन तास, बरोबरला चार गुण, चुकलं की एक वजा. २०२४पासून पेपरचे पाच भाग केलेत, प्रत्येकात ४० प्रश्न आणि ४२ मिनिटं. वेळ संपली की मागच्या भागात परत जाता येत नाही. या परीक्षेवर पुढची सगळी वाट ठरते, रेडिओलॉजी मिळणार की आणखी एक वर्ष घरी बसणार. विद्यापीठाच्या परीक्षेत दीर्घोत्तरी लिहायचं आणि इथे चारातला एक निवडायचा. कॉलेज पहिलीची तयारी करून घेतं, दुसरीची ॲप.

ॲपवर पंधरा-वीस मिनिटांचा भाग संपला की लगेच क्यूबँक, म्हणजे प्रश्नसंच. चुकलं तर उरलेले तीन पर्याय का चूक तेही लिहिलेलं असतं. किती टक्के मुलांनी तोच चुकीचा पर्याय निवडला ते दिसतं. महिन्यातून एकदा जीटी, म्हणजे पूर्ण लांबीची सराव परीक्षा, आणि देशभरातली रँक. ती रँक बघताना पोटात गोळा येतो. तरी आपण कुठे आहोत ते कळतं. कॉलेजात साडेचार वर्षांत ते कुणीच सांगत नाही.

अजून एक. आमच्या एका विषयाचा कॉलेजचा व्हिडिओ एकसलग ५२ मिनिटांचा आहे, पहिली सहा मिनिटं स्क्रीन शेअर होत नाहीये. सकाळी नऊ ते एक वॉर्ड, दुपारी लेक्चर, संध्याकाळी कधी इमर्जन्सीला थांबायचं. रात्री हातात दोन तास उरतात. त्यातली ती सहा मिनिटं फार महाग वाटतात हो.

२०१९ची_बॅच

नावावरून कळलंच असेल. नवा सक्षमताधारित अभ्यासक्रम आमच्यापासून सुरू झाला. ऑगस्ट २०१९ला आत आलो आणि मार्च २०२०ला बॅगा भरून घरी. डिसेक्शन अर्धंच झालेलं. ब्रॅकिअल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला तो फोनवर, आमच्या गच्चीत पाण्याच्या टाकीला टेकून. रेंज तिथेच यायची. पुढे ‘नेक्स्ट’ ही एमबीबीएसच्या शेवटी द्यायची देशभरची नवी परीक्षा आमच्यापासूनच लागू होणार म्हणून तलवार लटकत होती, ती २०२३च्या जुलैमध्ये पुढे ढकलली गेली. तोवर अर्ध्या बॅचने त्या भीतीपोटी ॲपचे पैसे भरून झाले होते.

त्या लेक्चर्सबद्दल एवढंच म्हणेन की ती हजेरीसाठी होती. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. ती लागतेय तोवर कोण ऐकतंय हे कुणी विचारलं नाही. आम्ही फोन उशाशी ठेवून झोपायचो. जे ऐकलं नाही तरी चालतं ते मूल ऐकत नाही. शिक्षक चांगले होते, त्यांचाही नाइलाज होता.

मोगरा_२२

इंटर्न आहे. वर सगळे परीक्षेबद्दल बोलताहेत, पण मी ॲप घेतलं तेव्हा मला नीट-पीजी किती मार्कांची असते तेही माहीत नव्हतं. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात सीनियर ताईने विचारलं, ‘कुठलं घेतेयस? मॅरो की प्रेपलॅडर?’ घेणार आहेस का असं नाही, कुठलं घेतेयस. रूममधल्या तिघींनी मिळून घेतलं तर सवलत होती. रात्री मेसवरून परत येताना मी बाबांना फोन लावला आणि तिघींबरोबर पैसे भरून टाकले.

पहिल्या वर्षी फार तर दहा तास पाहिलं असेल. तरी ते फोनवर आहे एवढ्यानेच बरं वाटायचं. सगळ्यांकडे आहे आणि आपल्याकडे नाही ही भावना होस्टेलवर झोप उडवते. माझ्या ओळखीच्या अनेक मुलींनी आधी स्वीकारलं आणि उपयोग नंतर शोधला.

मुळाकाठ

मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये आहे. पीजीच्या विद्यार्थिनीला याच विषयावर प्रबंधाला मदत करतोय, म्हणून थोडं सैद्धांतिक लिहितो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

१९८९ साली फ्रेड डेव्हिस यांनी तंत्रज्ञान स्वीकाराचं एक प्रतिमान मांडलं. माणूस नवी गोष्ट वापरायला लागतो त्यामागे दोन समजुती असतात: याने माझं काम चांगलं होईल, आणि हे वापरायला जड जाणार नाही. २००३ साली व्यंकटेश, डेव्हिस आणि इतरांनी असे आठ सिद्धांत एकत्र करून चार घटक ठरवले. फायद्याची अपेक्षा, किती कष्ट पडतील याचा अंदाज, आपल्या माणसांचं मत आणि हाताशी असलेली सोय. वय, लिंग, अनुभव आणि सक्ती आहे की नाही, यांवर त्या घटकांचं वजन बदलतं.

आता वरचे प्रतिसाद परत वाचा. रात्रपाळी पहिल्या घटकाबद्दल बोलताहेत, मोगरा तिसऱ्याबद्दल. त्या अभ्यासातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की फायद्याची अपेक्षा हा सर्वांत बळकट घटक निघाला आणि अनुभव वाढला तरी टिकला. सोपेपणाचं वजन मात्र सवयीने कमी होत जातं. आपण शिक्षक नेमके उलटं करतो. लॉगिन सोपं करा, रंगीत करा, मोबाइलवर आणा, यातच सगळी शक्ती जाते. ‘हे पाहून तुझं काय भलं होणार?’ याचं उत्तर दिलेलंच नसतं.

सक्तीबद्दलही सांगतो. पीजीच्या मुलांना संशोधनाचा एक मूलभूत कोर्स सक्तीचा आहे. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था तो ऑनलाइन घेते आणि शेवटी परीक्षा असते. माझे सगळे रेसिडेंट तो पूर्ण करतात. प्रबंधाच्या वेळी नमुना किती घ्यायचा हे विचारायला मात्र माझ्याकडेच येतात, आणि त्यातली निम्मी उत्तरं त्या कोर्समध्ये असतात. कोर्स पूर्ण होणं आणि तो स्वीकारला जाणं यात मला अंतर दिसतं. आपल्या व्यासपीठांचे अहवाल फक्त पहिली गोष्ट मोजतात.

आणि एमबीबीएसच्या २०१९च्या नियमावलीतच म्हटलंय की व्याख्यानं एकूण वेळेच्या एक तृतीयांशाहून जास्त नकोत. आपण तीच व्याख्यानं कॅमेऱ्यासमोर परत दिली.

कोरडवाहू

मी डॉक्टर नाही. बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षक आहे, मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. पालक म्हणून लिहितो.

त्याचं ॲप घ्यायला पैसे लागले तेव्हा आधी मला राग आला. सरकारी कॉलेजला नंबर लागला, फी कमी, म्हणून आम्ही सुटकेचा श्वास सोडला होता. हा वरचा खर्च कुणी सांगितला नव्हता. सोयाबीन विकून आलेल्या पैशातून दिले. मग दिवाळीला तो घरी आला तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून एकदा पाहिलं, हे काय आहे ते.

दहावीपर्यंत पोरगं मराठी माध्यमात शिकलेलं. बायोकेमिस्ट्रीचं काहीतरी चालू होतं. एकच वाक्य त्याने पाच वेळा मागे नेऊन ऐकलं. पाचव्यांदा मान हलवली आणि पुढे गेला. मी विचारलं, वर्गात सरांना विचारत नाहीस का? म्हणाला, ‘पप्पा, दीडशे पोरांत उठून परत सांगा म्हणायचं, तेही इंग्रजीत? पहिल्या महिन्यात एकदा विचारलं होतं, मागची पोरं हसली.’

तीस वर्षं मी स्वतः वर्ग घेतोय. माझ्याही वर्गात असं कुणी गप्प बसलं असेल, हे त्या रात्री डोक्यातून जाईना. पळसफूल ताई, तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण माझ्या मुलाला त्या ॲपने काय दिलं असं विचाराल तर ‘परत सांगा’ म्हणायची सोय दिली. तीही न लाजता.

पळसफूल

कोरडवाहू सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उद्या वर्गात गेल्यावर माझी नजर शेवटच्या बाकांवर वेगळ्या तऱ्हेने जाईल.

टाका_आणि_गाठ

मी सर्जरीत आहे, निवृत्तीला चार वर्षं उरलीत. थोडं कडक लिहितोय, राग मानू नये.

ॲपने मुलं हुशार झालीत, हे मान्य. अपेंडिक्सचं स्कोअरिंग दहा सेकंदांत सांगतात. आमच्या वेळी सीनियरच्या नोट्सचं झेरॉक्स हाच ठेवा होता, आणि पैसेवाली मुलं क्लाससाठी दिल्लीला जाऊन राहायची. आता नंदुरबारच्या मुलाला तेच शिक्षक खोलीत मिळतात. हा न्याय मोठा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही.

पण वॉर्डात काय होतं ते ऐका. परवा एका मुलाने केस मांडली. इंग्रजी उत्तम, क्रम बिनचूक. मी विचारलं, आजी नेमकं काय म्हणाल्या? तो म्हणाला, कोलिकी पेन (थांबून थांबून येणारी कळ). मी म्हटलं, आजी कोलिकी पेन म्हणाल्या? मग आम्ही दोघं खाटेपाशी गेलो. आजी म्हणाल्या, ‘आधी बेंबीपाशी मुरडा यायचा, आता इथं खुपतंय, खोकलं की जास्तच.’ आणि बोट बरोबर उजव्या बाजूला खाली ठेवलं. सगळं निदान त्या दोन वाक्यांत होतं. मुलाने त्यातलं अर्धं भाषांतर करताना गमावलं होतं आणि पोटाला हात लावला होता तो शर्टाला लावल्यासारखा.

चमक, कळ, ठणका, मुरडा, आग, जडपणा हे आमच्याकडच्या पोटदुखीचे वेगवेगळे प्रकार आहेत. कुठल्याही ॲपवर ते नाहीत, असणारही नाहीत. मुलं वॉर्डातून एक वाजायच्या आत निसटून वाचनालय गाठतात याचं मला दुःख आहे, कारण पेशंटजवळचा तो तास परत मिळत नाही.

मांडवी

टाका सरांशी सहमत. गोवा मेडिकल कॉलेजातून शिकले, बांबोळीला पेशंट ‘पोटांत दुखता’ म्हणत यायचे. कोंकणी मी वॉर्डातच शिकले, सिस्टरांकडून.

रात्रपाळी

टाका सर, एक विचारू? आम्ही वॉर्डात थांबलो तर शिकवणारं कुणी असतं का, रोज? माझ्या एका पोस्टिंगमध्ये युनिटला एकच असोसिएट सर होते, ते ओपीडीत. रेसिडेंट छत्तीस तास जागे. आम्ही पंचवीस जण भिंतीला टेकून उभे. उलट बोलायचं म्हणून विचारत नाहीये. तुमच्यासारखे सर खाटेपाशी नेणारे असते तर आम्ही एक वाजता गेलो नसतो.

टाका_आणि_गाठ

बरोबर विचारलंस. जागा वाढल्या, नवी कॉलेजं निघाली, शिकवणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. भिंतीला टेकून उभं राहिलेल्या मुलाला मी दोष देणार नाही. माझं आधीचं वाक्य अर्धं मागे घेतो.

पर्लकोटा

भामरागड तालुक्यात मेडिकल ऑफिसर आहे, बंधपत्राची सेवा चालू आहे. सोयीबद्दल कुणी फार लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पावसाळ्यात इथे पूल पाण्याखाली गेला की आठवडा आठवडा संपर्क नसतो. नेट असतं ते संदेश जाण्यापुरतं. गडचिरोलीला मीटिंगला गेलो की एका दमात पुढच्या पंधरा दिवसांचे व्हिडिओ उतरवून घेतो. ॲप ते नेटशिवाय चालवतं. कॉलेजचं व्यासपीठ मी विद्यार्थी असताना पाहिलं होतं, तिथे व्हिडिओ उतरवताच यायचा नाही, लॉगिन दर वेळी नवं, आणि पासवर्ड विसरलात तर ऑफिसात अर्ज. फक्त त्या एका ‘डाउनलोड’च्या बटणामुळे मी एकाला धरून राहिलो आणि दुसरं सोडलं.

मलेरियाच्या दिवसांत दिवसभर स्लाइड्स आणि ताप. रात्री सोलर दिव्यावर एक भाग पाहतो, वीस प्रश्न सोडवतो. इथे अभ्यास करणारा मी एकटाच आहे. त्या प्रश्नांखाली ‘६१ टक्के मुलांनी हेच उत्तर दिलं’ असं दिसतं, तेव्हा कुणीतरी सोबत बसलंय असं वाटतं.

हडसनतीर

न्यू जर्सीतून. इथल्या मुलांचं चित्रही फार वेगळं नाही. फी भरमसाट, कॉलेजची लेक्चर्स रेकॉर्ड केलेली, तरी बरीच मुलं बाहेरचा प्रश्नसंच आणि अंकी या ॲपवरची उजळणीची कार्डं घेऊन बसतात. २०२२च्या जानेवारीपासून स्टेप वनचा, म्हणजे इथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा निकाल फक्त पास किंवा नापास असा झाला. वाटलं, आता मुलं कॉलेजकडे वळतील. माझ्या भाचीच्या वर्गात तरी ओढा स्टेप टूकडे सरकला, कारण गुण आता तिथे दिसतात.

प्रश्नसंचाचा फायदा नुसता परीक्षेपुरता नाही, हेही नोंदवते. आठवून उत्तर दिल्याने परत वाचण्यापेक्षा जास्त काळ लक्षात राहतं, हे रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली प्रयोगाने दाखवलंय. मुलांना हे वाचून माहीत नसेल, अनुभवाने कळलंय.

पळसफूल

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचं वाचून एक करून पाहिलं, ते सांगते.

ऑटोनॉमिकचा तो लांबलचक व्हिडिओ मी काढून टाकला. त्याचे सात-आठ मिनिटांचे सहा तुकडे नव्याने केले, प्रत्येकाखाली पाच प्रश्न, चारही पर्यायांचं स्पष्टीकरण माझ्या हाताने लिहिलेलं. आयटीच्या मुलाच्या मागे लागून डाउनलोड सुरू करून घेतलं. महत्त्वाची दोन वाक्यं इंग्रजीनंतर मराठीतही म्हटली (कोरडवाहू सर, तुमच्या मुलासाठी). आणि वर्गातल्या त्या तासाला लेक्चर घेतलंच नाही.

त्याऐवजी मेडिसिनच्या सरांशी बोलून पंधरा-पंधराच्या गटाने मुलांना वॉर्डात नेलं. फवारणीचा हंगाम आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेत किती शेतकरी गेले ते आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. आदल्या रात्री असाच एक जण आला होता, चाळिशीचा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, कपड्यांना फवारणीच्या औषधाचा तो उग्र वास. ॲट्रोपिन, म्हणजे त्यावरचा उतारा, चालू होतं.

मी विचारलं, ॲट्रोपिन कधीपर्यंत वाढवायचं? पंधराच्या पंधरा जणांनी सांगितलं: छातीतला स्राव सुकेपर्यंत, बाहुल्यांवर विसंबायचं नाही. बिनचूक. हे त्यांना ॲपने शिकवलेलं होतं आणि मला त्याचं कौतुकच वाटलं. मग मी म्हटलं, ऐका. एकेकाने स्टेथोस्कोप लावला. पाठीला खाली बुडबुड ऐकू येत होती. अर्ध्या तासाने, पुढच्या डोसनंतर परत लावला. एक मुलगी तशीच वाकून राहिली, उठेचना. मग म्हणाली, ‘मॅडम, खरंच गेली.’

सहाव्या तुकड्यापर्यंत पोचलेले या वेळी ८४ आहेत. ॲप कुणी सोडलेलं नाही, आणि सोडावं अशी माझी आता इच्छाही नाही. पेशंट सहाव्या दिवशी घरी गेला.

मोगरा_२२

ताई, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. असे तुकडे आम्हा बाहेरच्यांनाही बघता येतील का?

पळसफूल

परवानगी मागितली आहे, मिळाली की इथेच दुवा देते. प्रश्नांची फाइल माझी स्वतःची आहे, ती आत्ता देते.

रात्रपाळी

मॅडम, फाइल सोडवली. पाचव्या तुकड्यातला तिसरा प्रश्न एकदा बघाल का? कार्बामेटच्या (कीटकनाशकांचा एक गट) विषबाधेत प्रॅलिडॉक्सिम हा दुसरा उतारा द्यावाच लागतो, हा पर्याय बरोबर म्हणून दाखवतोय.

पळसफूल

चूक माझी. कार्बामेटचा एन्झाइमशी जोडलेला बंध आपोआप सुटतो, त्यामुळे तिथे त्याची सहसा गरज नसते. आत्ता दुरुस्त केलं. उरलेलेही तपासून सांगशील का?

रात्रपाळी

हो. आज ड्युटी नाही, रात्री बसतो.